न्यू जर्सीची बाटली आणि लालबागचा बाजार

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा: लालबागला राहणाऱ्या एक वाचक घरून केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांची नणंद न्यू जर्सीला असते. दर वर्षी येताना ती 'पम्पकिन पाय स्पाइस' या तयार मसाल्याची बाटली आणायची आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातले लाल भोपळ्याचे केक त्या बाटलीवर निघायचे. यंदा नणंद येणार नाही, बाटली तळाला गेली आहे आणि ऑर्डरी मात्र येऊन पडल्या आहेत. आयात केलेली बाटली ऑनलाइन मिळते, पण ती घेतली तर केकमागे हातात फारसं काही उरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "घरात दालचिनी, जायफळ, सुंठ सगळं असताना बाटली कशाला?" म्हणून घरचा गरम मसाला घालून एक केक केला, तर घरभर बिर्याणीचा वास. तो केक टाकून दिला आणि ते सासूबाईंना लागलं. नणंद फोनवर सांगते, "ऑलस्पाइसशिवाय ते होतच नाही." त्यात एका ग्राहक बाईंनी विचारलं आहे, "ओरिजिनल मसाला आहे ना?" वाचकांना पडलेला पेच असा: महागाची बाटली घ्यावी की मसाला घरी करावा? आणि घरचा मसाला घालून 'पम्पकिन स्पाइस' नावानं केक विकला तर ती फसवणूक होत नाही का?

नमस्कार,

पत्र वाचून आधी थोडं हसू आलं, राग मानू नका. उन्हाळ्यात निम्मी मुंबई वर्षाचा मसाला कांडून घ्यायला ज्या लालबागला येते, तिथे राहून तुम्ही दालचिनी-जायफळासाठी न्यू जर्सीची वाट पाहताय. अर्थात तुमची अडचण मसाले मिळण्याची नाहीच. तुम्हाला भीती आहे ती आपल्या हातून 'खरं' काही होणार नाही याची. म्हणून आधी या 'ओरिजिनल'चंच बघू.

अमेरिकेत 1796 साली अमेलिया सिमन्स या बाईंचं पाककृतींचं पुस्तक छापलं गेलं. त्यात भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एकीत जायपत्री, जायफळ आणि आलं आहे, दुसरीत ऑलस्पाइस आणि आलं. दालचिनी आणि लवंग दोन्हींत नाहीत. तयार मिश्रणाची बाटली खूप नंतरची. मॅकॉर्मिक कंपनीनं ती 1934 साली बाजारात आणली, कारण चार डब्यांतून चार चिमट्या काढण्याचा तिथल्या गृहिणींनाही कंटाळा होता. आपल्याकडे कॅफेत जाणाऱ्या पोरांना हे नाव माहीत झालं ते त्याच्याही कितीतरी नंतर. स्टारबक्सनं त्या नावाची कॉफी काढली 2003 मध्ये. म्हणजे तुम्ही जिला मूळ समजताय ती बाटली एका कंपनीनं सोयीसाठी ठरवलेलं प्रमाण आहे. दुसऱ्या कंपनीचं वेगळं असतं. आपला गोडा मसाला तरी कुठल्या दोन घरांत सारखा असतो?

आता नणंदेच्या ऑलस्पाइसबद्दल. ते एका झाडाचं फळ आहे, जमैका आणि मध्य अमेरिकेकडचं. कच्चं असताना तोडून वाळवतात. नाव ऐकून अनेकांना ते मिश्रणच वाटतं, तसं नाही. पण त्याच्या वासाचा मुख्य भाग युजेनॉल हे द्रव्य आहे आणि लवंगेचा वासही त्याचाच. म्हणून लवंग, दालचिनी, जायफळ एकत्र आले की ऑलस्पाइसच्या बरंच जवळ जाता येतं. एक चमचा ऑलस्पाइसऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ. वर काळ्या मिरीची बोटाच्या चिमटीत मावेल इतकीच पूड, कारण ऑलस्पाइसला मागाहून एक मिरीसारखी झणक असते. नणंदेचं तोंड चोखंदळ असेल तर तिला नुसता वास घेऊन फरक कळेलही. पण भोपळा, गूळ, लोणी आणि वर क्रीम चीज असलेल्या केकमध्ये तो ओळखणारा माणूस तुमच्या इमारतीत निघेल असं मला वाटत नाही.

तरी हौस असेल आणि बाजारात विचारायला जाल, तर एक सावधगिरी बाळगा. ऑलस्पाइस मागितलं की बरेच दुकानदार 'कबाबचिनी' म्हणून एक पुडी पुढे करतात. त्या नावाखाली दोन वेगळे जिन्नस विकले जातात. दाण्याला बारीक शेपटीसारखा देठ असेल तर ते कंकोळ, चव कडसर आणि कापरासारखी. ते केकमध्ये घालू नका. ऑलस्पाइसचा दाणा मिरीपेक्षा जरा मोठा, तपकिरी, बिनशेपटीचा असतो आणि तळहातावर चुरडला की लवंगेचा वास येतो. दुकानात उभ्या उभ्या चुरडून बघा, दुकानदार काही म्हणत नाही.

गरम मसाल्याचा केक बिघडला त्यात सासूबाईंच्या मसाल्याचा दोष नव्हता. त्या मसाल्यात धणे, जिरे, शहाजिरे, मसाला वेलची, बहुधा दगडफूलही असणार, आणि ते सगळं तेलावर भाजलेलं. त्यातली मसाला वेलची धुरकट वासाची. तिचा आणि शहाजिऱ्याचा वास आला की डोक्यात बिर्याणीच येते. त्यात दालचिनी-लवंगही होत्या, पण बाकीच्यांनी त्यांना बोलूच दिलं नाही. सासूबाईंनी नावं घेतली होती ती दालचिनी, जायफळ आणि सुंठेची, म्हणजे नेमकी हवी तीच. गरम मसाल्याचा डबा तुम्ही उघडलात. हे त्यांना एकदा सांगून टाका, म्हणजे टाकून दिलेल्या केकचा सल कमी होईल.

दालचिनीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या मसाल्यात निम्मा वाटा तिचा असतो. आपल्या किराणा दुकानात जी जाड, कडक, लाकडासारखी सालं 'दालचिनी' म्हणून मिळतात ती बहुतेक वेळा कॅशिया या दालचिनीच्या जवळच्या झाडाची असतात. सिलोनी दालचिनी पातळ, पापुद्र्यांवर पापुद्रे गुंडाळलेली, हातानं चुरता येते. वास नाजूक, किंचित लिंबासारखा. आता गंमत अशी की अमेरिकेत 'सिनॅमन' म्हणून विकली जाते तीही बहुतांशी कॅशियाच. म्हणजे नणंदेच्या बाटलीतला तो ओळखीचा, तिखट-गोड दालचिनीचा वास तुमच्या घरातल्या जाडजूड सालीचाच आहे! उगाच भारीतली सिलोनी आणलीत तर केक छान होईल, पण ग्राहकांना अपेक्षित असलेला तो वास यायचा नाही. कोकणात होणारी दालचिनी या दुसऱ्या, नाजूक जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' नावाचं वाणही काढलं आहे. गावाहून कुणी पाठवली तर ती खिरीत, फिरनीत वापरा.

एक बाजूची गोष्ट. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते रोज बऱ्याच प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. अधूनमधून केकचा तुकडा खाणाऱ्याला त्याची फिकीर नको. पण रोज सकाळी चमचाभर दालचिनी गरम पाण्यातून घेणारे बरेच वाचक या सदराला लिहीत असतात. त्यांनी सिलोनी घ्यावी, आणि तीही चमचाभर नको.

आता प्रमाण. चमचा म्हणजे पाच मिलीचा मापाचा चमचा, वरून सुरीनं सपाट केलेला. दालचिनीची पूड चार चमचे, सुंठ दोन चमचे, जायफळ एक चमचा, लवंग अर्धा चमचा. ऑलस्पाइस मिळालं तर त्याची पूड अर्धा चमचा. नाही मिळालं तर लवंग आणखी अगदी थोडी, पाव चमच्याच्या निम्मी, पाव चमचा जायपत्री आणि चिमूटभर मिरी. साधारण आठ चमचे मसाला होतो. अडीचशे ग्रॅम मैद्याच्या केकला दीड ते दोन चमचे पुरतात, म्हणजे एका वाटणात चार-पाच केक. दोन चमचे म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम. आयात बाटलीत तीस-पस्तीस ग्रॅम मसाला असतो, सहा-सात केकची बेगमी. तिची किंमत केकांवर विभागून पाहा आणि सुट्या दालचिनी-लवंगेच्या हिशेबाशी ताडून पाहा. पैशाचा प्रश्न तिथेच मिटेल.

सुरुवात मात्र दीड चमच्यापासून करा. तुमचा हात वर्षभर उघडून ठेवलेल्या बाटलीवर बसलाय. पूड केलेल्या मसाल्याचा वास दर आठवड्याला थोडा थोडा उडतो, त्यामुळे तुम्ही नकळत चमचा वाढवत गेला असणार. ताज्या वाटलेल्या मसाल्याचे तेच दोन चमचे भारी पडतील. लवंगेच्या बाबतीत तर हात आखडताच ठेवा. ती पाव चमचा जास्त झाली की केक खाताना दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.

वाटण्यात खरी मेख आहे. आपल्याकडे मसाला म्हटला की आधी कढई चढते. इथे भाजायचं नाही. केक पुढे पाऊण तास भट्टीत राहणार आहे, मसाल्याला उष्णता तिथे मिळते. आधी भाजलात तर वासाचा अर्धा भाग स्वयंपाकघरातच संपेल आणि चव खमंगाकडे, म्हणजे आमटी-भाताकडे झुकेल. पण मुंबईच्या हवेत सालं सर्द असतात, ती मिक्सरमध्ये नीट मोडत नाहीत. त्यासाठी आपली ऑक्टोबर हीट कामी येते. दालचिनी आणि लवंग ताटात पसरून तासभर कडक उन्हात ठेवा. पाऊस असेल तर तवा गरम करून गॅस बंद करा आणि त्या उबेवर सोडा. दालचिनी आधी खलबत्त्यात ठेचून घ्या, नाहीतर मिक्सरचं पातं रडतं. कृतीतल्या साखरेतलीच दोन चमचे साखर बरोबर घाला, पूड बारीक होते आणि लवंगेचं तेल भांड्याला चिकटत नाही. मिक्सर सलग फिरवू नका. थांबत थांबत फिरवा, भांडं तापलं की वास उडतो. मग वस्त्रगाळ करा. मैद्याच्या चाळणीतून दालचिनीची कुसळं खाली उतरतात आणि केकमध्ये दाताखाली वाळूसारखी येतात. वर उरलेली भरड चहात जाऊ द्या. साखर घातल्यामुळे दालचिनी-लवंगेचं माप मात्र फसतं, म्हणून साखर घालणार असाल तर ते जिन्नस वाटण्याआधी वजनावर घ्या: दालचिनी दहा ग्रॅम, लवंग एक ग्रॅम. चाळताना थोडं कमी होतं, त्यासाठी दालचिनी दोन ग्रॅम जास्त धरा.

जायफळ मिक्सरमध्ये टाकू नका, ते तेलकट असतं, गोळा होतो. बारीक किसणीवर किसा आणि शेवटी हातानं मिसळा. सुंठेची तयार पूड चालते, पण ती चाळून घ्या. तिच्यात दोरे असतात. ओलं आलं सुंठेच्या जागी घालू नका. आलं वाळताना त्याचा तिखटपणा बदलतो. सुंठ घशात उशिरा आणि खोल लागते, आलं लगेच आणि हिरवट लागतं, शिवाय पाणी वाढवतं.

लवंग घेताना एक लवंग नखानं दाबा, तेलाचा ओलावा दिसला पाहिजे. तेल काढून घेतलेल्या लवंगाही विकल्या जातात. त्या पाण्यात टाकल्या की वरच तरंगतात; चांगली लवंग बुडते. केक फिक्का झाला की आपण प्रमाणाला दोष देतो, पण बऱ्याचदा लवंगच आधी पिळून झालेली असते.

मसाला काचेच्या बरणीत, गॅसपासून लांब. लवंगेचं तेल काही प्लास्टिकांना मऊ करतं, म्हणून लोणच्याच्या जुन्या प्लास्टिक डब्या नकोत. महिना-दीड महिना पुरेल इतकाच करा.

केकमध्ये घालताना तो मैद्यात चाळण्यापेक्षा कोमट वितळलेल्या लोण्यात किंवा तेलात मिसळून दोन मिनिटं ठेवून बघा. या मसाल्यांचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. लाल भोपळा वाफवून, गाळणीत निथळून घ्या. आपला भोपळा भोपळ्याच्या डबाबंद गरापेक्षा बराच पाणचट असतो आणि पाणी जास्त झालं की मसालाही पातळ लागतो. केक दुसऱ्या दिवशी चाखा. पहिल्या दिवशी लवंग पुढे पुढे करते, रात्रभरात सगळं एकमेकांत मुरतं. म्हणून ऑर्डर शनिवारची असेल तर भाजायचं शुक्रवारी.

याच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडं. जायफळ नसेल तर जायपत्री तितकीच घाला, एकाच फळाची बी आणि तिच्यावरचं जाळं आहे ते. हिमाचल-काश्मीरची सफरचंदं आली की त्यांच्या केकला लवंग-सुंठ वगळून चार भाग दालचिनी, एक भाग जायफळ आणि अर्धा भाग वेलची घ्या. वेलची घालणं म्हणजे देशी जुगाड असं वाटून लाजू नका, स्वीडनमध्ये गोड पाव वेलचीशिवाय होत नाहीत. नाताळच्या केकच्या कृतीत ब्रिटिश 'मिक्स्ड स्पाइस' लिहिलेलं असतं, त्यात धणे असतात, हे वाचून बऱ्याच जणी दचकतात. चिमूटभर न भाजलेल्या धण्याची पूड घाला, संत्र्याच्या सालीशी ती छान जमते. चहा मसाला घालावा का असं कुणी कुणी विचारतं. ज्यात मिरी जास्त नाही असा असेल तर अडीअडचणीला चालेल, पण त्या केकला चहा मसाला केकच म्हणा, त्याचं गिऱ्हाईक वेगळं आणि भरपूर आहे. दालचिनीला मात्र पर्याय नाही. ती संपली असेल तर खाली उतरून घेऊन या. आणि यीस्टचे रोल करत असाल तर दालचिनी पिठात मळू नका, आतल्या सारणात घाला. तिच्यामुळे यीस्ट मंदावतं आणि पीठ फुगत नाही.

आता फसवणुकीचं. 'पम्पकिन स्पाइस' हे एका प्रकारच्या चवीचं नाव आहे, ते लिहायला हरकत नाही. पण ग्राहक बाईंनी 'ओरिजिनल' विचारलं तेव्हा त्यांच्या मनात अमेरिकेची बाटली असणार. त्यांना नुसतं 'हो' म्हणालात तर ते खोटं होईल. सरळ सांगा: "यंदा मसाला मी घरी वाटलाय, दालचिनी, सुंठ, जायफळ, जायपत्री, लवंग आणि किंचित मिरी." डब्यावरच्या घटकांच्या यादीतही हेच लिहा, ऑलस्पाइस नसेल तर ते लिहू नका. कुणाला लवंग चालत नाही, कुणाच्या घरात लहान मूल असतं, त्यांना खरी यादी लागते. मागच्या वर्षीच्या ग्राहकांना आधीच कळवा की चव थोडी वेगळी आहे. दोघी-तिघींना छोटा कपकेक पाठवून द्या. त्यातूनही कुणी म्हणालं की मला बाटलीचीच चव हवी, तर त्यांच्यासाठी बाटली मागवा आणि किंमत तशी लावा. त्यात कुणाचा अपमान नाही. मला विचाराल तर मी 'घरी वाटलेला मसाला' ही ओळ डब्यावर ठळक छापीन. लालबागचा पत्ता असलेल्या केकला ती शोभते.

सासूबाईंशी बोलताना एक गोष्ट जपा. त्यांचा अंदाज पुरणपोळीला आणि श्रीखंडाला बिनचूक असेल, पण ऑर्डरीच्या केकला अंदाज चालत नाही. पहिला आणि सहावा केक सारखा लागला पाहिजे आणि तक्रार आली तर फोन तुम्हाला येणार आहे. म्हणून माप तुमच्या हातात ठेवा. निवडण्याचं आणि वासाचं काम त्यांच्याकडे द्या: लवंग कुठली घ्यायची, जायफळ पोकळ आहे की भरलेलं, पूड पुरेशी बारीक झाली का. लालबागच्या दुकानदाराशी घासाघीस करण्यात त्या तुमच्यापेक्षा सरस असणार, हे मी न बघता सांगते.

बाटलीच्या तळाशी जो चमचाभर मसाला उरलाय तो केकमध्ये घालू नका. एका वाटीत तो, दुसरीत तुमचा, दोन्हींत कोमट दूध आणि साखर. कोरडी पूड चाटून काही कळत नाही. सासूबाईंना कुठली वाटी कुठली ते न सांगता चाखायला द्या. फरक वाटला तर एका वेळी एकच जिन्नस बदला, आधी लवंग, मग सुंठ. आणि नणंदेला सांगा, पुढच्या वेळी बाटली नको, शंभर ग्रॅम अख्खं ऑलस्पाइस आण. अख्खं असलं की दोन वर्षंही टिकेल.